आपल्याच शाळेची मॅच बघायला माजी विद्यार्थी का जात नाहीत? खर्डा ते टेक्सास, व्हाया कोल्हापूर

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून जामखेडकडे जाणाऱ्या एसटीत उभं राहायला जागा मिळत नाही. हिंजवडी, चाकण, भोसरीत कामाला असलेली पोरं गावाकडे निघालेली असतात. त्यातली काही पुढे खर्ड्याला उतरतात. आणि पाडव्याच्या आसपास कधीतरी गावातल्या शाळेत एक कार्यक्रम ठरलेला असतो: दहावीच्या अमुक बॅचचा स्नेहमेळावा.

हा कार्यक्रम आता महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक गावात होतो. आधी व्हॉट्सअॅप ग्रुप तयार होतो. मग वर्गणी निघते, गेटवर फ्लेक्स लागतो. निवृत्त झालेल्या सरांना आणि बाईंना फेटा बांधून, शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. कुणीतरी जुन्या हजेरीपटावरची नावं वाचतं, बाकावर दाटीवाटीने बसून फोटो निघतात, जेवण होतं, आणि संध्याकाळपर्यंत इन्स्टाग्रामवर रील पडलेलं असतं.

या सगळ्यात एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते. आत्ता त्या शाळेत शिकणारी पोरं तिथे नसतात. माजी विद्यार्थी शाळेत येतात ते नेमके शाळा रिकामी असताना.

आता एक साधा प्रश्न. शाळा सोडल्यावर तुम्ही तुमच्या शाळेच्या कबड्डीच्या, खो-खोच्या किंवा फुटबॉलच्या संघाची मॅच बघायला कधी गेला आहात का? स्वतःचं पोरगं खेळत होतं म्हणून गेला असाल, तर ते धरायचं नाही.

बहुतेकांचं उत्तर 'नाही' असंच येईल. आपलं शाळेवर प्रेम नाही म्हणून ते तसं येतं, असं काही नाही. आपल्याकडे शालेय खेळांची व्यवस्था ज्या पद्धतीने उभी आहे, त्यात प्रेक्षकाला जागाच ठेवलेली नाही. हे कसं, ते समजून घ्यायचं तर आधी जिथे अख्खं गाव शाळेच्या मॅचला जातं तिथे एक चक्कर मारावी लागेल.

अमेरिकेतला शुक्रवार

अमेरिकेत हायस्कूलच्या फुटबॉल मॅच शुक्रवारी संध्याकाळी होतात. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. लांबुडका चेंडू हातात धरून पळायचं, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड, आणि समोरच्याला आडवं पाडायचं असा तो खेळ. साधारण दहा लाख मुलं तिकडे शाळेच्या संघाकडून हा खेळ खेळतात.

छोट्या गावांत त्या संध्याकाळी हॉटेलं आणि दुकानं ओस पडतात, कारण गिऱ्हाईक मैदानावर असतं. शाळेचा बँड वाजतो. वीस-तीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेली माणसं शाळेच्या रंगाचे टी-शर्ट घालून बाकड्यांवर बसलेली असतात. खेळणाऱ्या पोराचा बाप, आजा याच मैदानावर खेळलेला असणं ही फार नवलाची गोष्ट नसते. ओहायो राज्यातल्या मॅसिलन नावाच्या गावात तर मुलगा जन्मला की पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवायची पद्धत आहे. मॅसिलन आणि शेजारच्या कँटन गावच्या शाळेची खुन्नस १८९४ पासून चालू आहे.

या हंगामातली एक मॅच खास माजी विद्यार्थ्यांसाठी राखलेली असते. तिला 'होमकमिंग' म्हणतात. आपल्या भाषेत 'माहेरपण' म्हणा हवं तर. याची सुरुवात कुठे झाली यावर तिकडे भांडणं आहेत. बेलर, इलिनॉय, मिझुरी अशी बरीच विद्यापीठं हा मान आपलाच असल्याचं सांगतात. मिझुरीची गोष्ट मात्र जास्त सांगितली जाते. १९११ मध्ये तिथले क्रीडाप्रमुख चेस्टर ब्रुअर यांनी कॅन्सस विद्यापीठाविरुद्धच्या मॅचसाठी जुन्या विद्यार्थ्यांना 'घरी या' असं आवतण दिलं आणि लोक हजारोंनी आले. पुढे ही प्रथा कॉलेजांमधून शाळांमध्ये उतरली.

पण खरी गंमत कायद्यात आहे. अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलची 'एनएफएल' नावाची लीग आहे. पैशाच्या बाबतीत जगातली सगळ्यात मोठी लीग. या लीगची मॅच शुक्रवारी रात्री टीव्हीवर लागली तर शाळेच्या मैदानावर कोण जाईल? म्हणून १९६१ चा प्रसारण कायदा आणि त्यात पुढे झालेली दुरुस्ती यांनी एक अडसर घातला. सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, जिथे शाळेची किंवा कॉलेजची मॅच चालू आहे तिथून ७५ मैलांच्या, म्हणजे साधारण १२० किलोमीटरच्या आत, शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी एनएफएलचं प्रक्षेपण केलं तर लीगला मिळणारं कायद्याचं संरक्षण जातं. एवढी मोठी लीग शाळकरी पोरांच्या मॅचसाठी वाट सोडते. २०२४ मध्ये एनएफएलने ब्राझीलमध्ये शुक्रवारी मॅच ठेवली, ती सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी. दुसरा शुक्रवार यायच्या आत उरकून घेतली.

हे सगळं प्रेमापोटी होतं असं समजू नका. तिकडची सरकारी शाळा त्या भागातल्या लोकांच्या घरपट्टीवर चालते. मैदान बांधायचं तर कर्जरोखे काढायला गावकरी मतदान करतात. टेक्सासमधल्या अॅलन गावाने असंच मत देऊन हायस्कूलसाठी १८,००० आसनांचं स्टेडियम बांधलं. खर्च जवळपास ६ कोटी डॉलर. ते २०१२ मध्ये उघडलं आणि काँक्रीटला तडे गेले म्हणून २०१४ मध्ये बंद करावं लागलं. दुरुस्ती करून २०१५ मध्ये पुन्हा चालू केलं. शाळेच्या खेळावर एवढा पैसा ओतावा का, डोक्याला मार बसणारा खेळ पोरांना खेळू द्यावा का, असे वाद तिकडेही जोरात चालू असतात. पण मुद्दा असा की ज्याने स्टेडियमसाठी मत दिलं आणि हप्ता भरला, तो मॅच बघायला जाणारच.

आणि आपल्याकडे?

आता खर्ड्याला परत या. जामखेड तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगररांगेतलं हे गाव. इतिहासाच्या पुस्तकात ते ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळे येतं. मराठ्यांनी निजामाला हरवलं, निजाम अलीने खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घेतला आणि शेवटी तह करावा लागला. २०२१ च्या दसऱ्याला याच किल्ल्याजवळ ७४ मीटर उंचीचा भगवा स्वराज्य ध्वज उभा राहिला तेव्हा गाव माणसांनी भरून गेलं होतं. म्हणजे गर्दी या गावाला नवी नाही.

समजा, इथल्या शाळेतल्या मुलींचा खो-खोचा संघ या वर्षी तयार झालाय. तर पुढे काय होतं?

महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धा राज्याचं क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेतं. वयोगट तीन: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. पायऱ्या पाच: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. खर्ड्याच्या मुली आधी जामखेड तालुक्याच्या स्पर्धेला जाणार. जिंकल्या तर जिल्ह्याला. तिथे जिंकल्या तर पुणे विभागाला, आणि मग राज्याला.

तालुक्याची स्पर्धा म्हणजे काय असतं, ते खेळलेल्या माणसाला विचारा. साधारण पावसाळ्याचे दिवस. सकाळी सगळ्या शाळांचे संघ एकाच मैदानावर येतात. जीपमध्ये कोंबून आलेली पोरं, हातात केळी आणि बिस्किटांचे पुडे, सरांच्या हातात ओळखपत्रांचा गठ्ठा. चुन्याने मैदान आखलेलं असतं, रात्री पाऊस झाला असेल तर परत आखायचं. पंच बहुतेक वेळा वेगवेगळ्या शाळांचे क्रीडाशिक्षकच. स्पर्धा बाद पद्धतीची, हरला तो संघ घरी. एका दिवसात इतक्या मॅच उरकायच्या असतात की कधी कधी डावांची वेळही आखडती घ्यावी लागते. अकरा वाजता खेळायला उतरलेला संघ साडेअकराला बाहेर पडून वडापाव खात बसलेला असू शकतो. वर्षभराची तयारी, आणि हंगाम अर्ध्या तासाचा.

इथेच सगळी मेख आहे. या पाच पायऱ्यांत कुठेही 'घरच्या मैदानावरची मॅच' नावाची गोष्ट नाही.

अमेरिकेतल्या शाळेचा हंगाम साधारण दहा मॅचचा असतो आणि त्यातल्या निम्म्या आपल्याच मैदानावर. तारखा आधीपासून छापलेल्या. होमकमिंगला जायचं तर रजा टाकता येते. आपल्याकडे खर्ड्याचा संघ खर्ड्यात कुणाशी खेळतच नाही. तो जामखेडला खेळतो, जिंकला तर नगरला. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, आणि जामखेड त्याच्या आग्नेय टोकाला. जामखेडपासून नगर सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, खर्डा त्याच्याही पलीकडे. पोरींनी पहाटे निघायचं आणि रात्री परतायचं. मॅच कामाच्या दिवशी. तारीख कळते ती क्रीडाशिक्षकांच्या ग्रुपवर, ती बाहेर कुणी टाकत नाही. टाकायचं कुणाला सुचतही नाही, कारण कुणी येईल अशी अपेक्षाच नसते.

मग ही स्पर्धा चालते कशासाठी? निवडीसाठी. चांगले खेळाडू गाळून वर पाठवायचे, हे तिचं काम. त्याला फायदेही जोडलेले आहेत. ठरावीक स्तरापर्यंत खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीत वाढीव क्रीडागुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. जिथे पोलीस भरती आणि सैन्य भरती हीच बाहेर पडायची मुख्य वाट आहे, तिथे त्या प्रमाणपत्राची किंमत फार मोठी असते. त्यामुळे ही व्यवस्था निकामी आहे असं म्हणता येणार नाही. जामखेडला लागूनच असलेल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी काही किलोमीटर पळत शाळेत जायचा. पुढे सैन्यात गेला, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवलं. या मातीत खेळाडू निघतात. प्रश्न खेळाडूंचा नाही, मैदानाच्या कडेला कोण उभं आहे याचा आहे.

आई-बापही बऱ्याचदा नसतात. जामखेड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा हा ऊसतोड मजुरांचा पट्टा. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन टोळ्या कारखान्यांकडे निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीला, कुणी थेट कर्नाटकात. तालुक्याला जिंकलेली पोरगी विभागाला पोचेपर्यंत तिचे आई-बाप कुठल्या तरी फडात असतात. निकाल त्यांना फोनवर कळतो.

माणसं येतात, पण दुसरीकडे

मराठी माणूस खेळ बघायला जातच नाही, असा निष्कर्ष काढू नका. याच जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा झाली, पृथ्वीराज मोहोळ जिंकला. शिवराज राक्षेच्या कुस्तीतल्या पंचांच्या निर्णयावरून झालेला राडा तर सगळ्यांनी मोबाईलवर पाहिला. त्यानंतर दोनेक महिन्यांनी जामखेडशेजारच्या कर्जतमध्ये आणखी एक महाराष्ट्र केसरी झाली, तिथे वेताळ शेळके जिंकला. दोन्हीकडे बसायला जागा नव्हती. गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांचा हगामा असतो, तेव्हा शंभर रुपयांच्या कुस्तीलाही गोल रिंगण पडतं. हिवाळ्यात मंडळांचे कबड्डीचे सामने दिवे लावून रात्री उशिरापर्यंत चालतात.

आणि फुटबॉल? त्याच्यासाठी कोल्हापूरला जावं लागेल.

महाराष्ट्रात फुटबॉलवर खऱ्या अर्थाने जीव टाकणारं शहर कोणतं, तर कोल्हापूर. राजर्षी शाहू स्टेडियमवर स्थानिक संघांची मॅच असली की हजारो लोक येतात. पण संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. यात शाळा एकही नाही. कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले आणि तालमीचा अभिमान तसाच्या तसा फुटबॉलमध्ये आला. पेठेत जन्मलेला माणूस त्या तालमीचा. नोकरीसाठी पुण्याला गेला, मुंबईला गेला, तरी तालमीची फायनल असली की तो येतो. खुन्नसही तशीच, कधी कधी ती हाणामारीपर्यंत जाते आणि पोलिसांना मध्ये पडावं लागतं. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

अमेरिकेतला माणूस 'मी अमुक शाळेचा' म्हणून मैदानावर जातो. आपल्याकडे तो 'मी अमुक तालमीचा, मंडळाचा, गावाचा' म्हणून जातो. आपुलकी तीच, फक्त तिचा पत्ता वेगळा. याचं एक कारण इतिहासात आहे. गाव, यात्रा आणि तालीम शेकडो वर्षं जुनी. हायस्कूल मात्र बहुतेक गावांत स्वातंत्र्याच्या आगेमागे किंवा त्यानंतर आलं. ते चालवणारी संस्था बऱ्याचदा दुसऱ्या गावची, शिक्षक बदलून येणारे-जाणारे. शाळेने शिकवलं आणि गावाबाहेर पाठवलं. परत बोलवायचं काम मात्र यात्रेने केलं.

शाळेच्या मॅचला महाराष्ट्रात गर्दी झाली, तेव्हा

मुंबईत शालेय क्रिकेटच्या हॅरिस शिल्ड आणि गाइल्स शिल्ड या स्पर्धा शंभराहून अधिक वर्षांपासून चालू आहेत. पिढ्यान् पिढ्या पोरं तिथे खेळली. पण प्रेक्षक? फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. सचिन ३२६, विनोद ३४९. डाव घोषित करा असा निरोप येत होता आणि ही दोघं तिकडे बघतच नव्हती, हा किस्सा विनोदने नंतर अनेकदा सांगितलाय. जगभर गाजलेल्या या भागीदारीचा व्हिडिओ नाही. आज 'मी तिथे होतो' म्हणणारे खूप भेटतात, पण शाळेची मॅच बघायला त्या काळी आवर्जून कुणी जायचं नाही.

दुसरं उदाहरण जानेवारी २०१६ मधलं. कल्याणला के. सी. गांधी शाळेकडून खेळताना प्रणव धनावडेने पहिल्याच दिवशी ६५२ धावा करून इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ पासूनचा ६२८ धावांचा विक्रम मोडला. रात्रीत बातमी पसरली. दुसऱ्या दिवशी मैदानावर कॅमेरे, पत्रकार, शेजारपाजारचे लोक, सगळे हजर. प्रणव नाबाद १००९. म्हणजे गर्दी आली, पण विक्रमाला आली, शाळेला नाही.

आणि एक खरंखुरं होमकमिंग आपल्याकडेही झालंय. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. ज्या कॉलेजात खाशाबा शिकले, त्याच कॉलेजच्या प्राचार्यांनी. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले, तेव्हा कऱ्हाड ते गोळेश्वर दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाल्याचं सांगितलं जातं. त्यानंतर त्यांनी काय केलं? कुस्त्या लावल्या, पैसे जमवले आणि सरांचं घर सोडवून दिलं. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

जपानमधलं एक शेतकी हायस्कूल

घरपट्टीवर चालणाऱ्या टेक्सासच्या शाळेशी खर्ड्याची तुलना करणं तसं अन्यायाचं आहे. जवळचं उदाहरण जपानचं. तिथेही शालेय स्पर्धा आपल्यासारखीच बाद पद्धतीची असते. शालेय बेसबॉलची उन्हाळी स्पर्धा १९१५ पासून चालू आहे आणि कोशिएन नावाच्या स्टेडियमवर होते. हरलेल्या संघातली पोरं रडत रडत मैदानावरची माती पिशवीत भरून घरी नेतात. सगळ्या मॅच सरकारी वाहिनीवर दिसतात, आणि स्टँडमध्ये दोन्ही शाळांसाठी जागा राखलेली असते. तिथे शाळेचा बँड, गावकरी आणि जुने विद्यार्थी बसतात.

२०१८ मध्ये अकिता या ग्रामीण भागातलं कानाआशी नावाचं शेतकी हायस्कूल अंतिम फेरीत पोचलं. शेती आणि जनावरं सांभाळायला शिकवणारी शाळा. संघात बाहेरून आणलेलं कुणी नाही, सगळी आसपासचीच पोरं. कोसेई योशिदा हा एकटा पिचर मॅचमागून मॅच खांदा मोडेस्तोवर चेंडू टाकत होता. संघ जिंकत गेला तसा शाळेचा प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च वाढत गेला, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी आणि इतरांनी वर्गणी पाठवली. अकिताची शाळा याआधी फायनलला पोचली होती ती थेट १९१५ मध्ये, पहिल्याच स्पर्धेत. १०३ वर्षांनी पुन्हा संधी आली आणि ओसाकाच्या तगड्या शाळेने त्यांना १३-२ असं धुतलं. तरी गावी परतल्यावर लोकांनी त्यांचं स्वागत विजेत्यासारखं केलं.

म्हणजे बाद पद्धत आहे, घरचं मैदान नाही, तरी जुनी माणसं येतात. कारण तिकडे मॅचची तारीख सगळ्यांना माहीत असते आणि बसायला जागा ठेवलेली असते.

आपल्या राज्याने असा दिवस एकदा ठरवून बघितला होता. २०१७ च्या विश्वचषकाच्या आधी, १५ सप्टेंबरला, 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' नावाने राज्यभरातल्या शाळांमध्ये एकाच दिवशी फुटबॉल खेळला गेला. शाळांना चेंडू वाटले होते. कबड्डी-खो-खोच्या मैदानांवर विटांचे गोलपोस्ट लावून पोरं खेळली, शिक्षकांनीही लाथा मारून घेतल्या, बऱ्याच गावांत लोक कुंपणापाशी थांबून बघत होते. तो एकच दिवस. पुढच्या वर्षी ती तारीख कुणाला आठवली नाही.

सगळ्यांचीच शाळा गोड नसते

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. माजी विद्यार्थ्यांनी परत यावं म्हणताना, कोण परत येऊ शकतं हेही बघावं लागतं. २८ एप्रिल २०१४ रोजी याच खर्ड्यात १७ वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. त्याच्या बरोबरीची पोरं आज तिशीच्या आसपास आहेत. त्यांच्यापैकी कुणाला 'चला, जुने दिवस आठवू' म्हणणं इतकं सोपं नाही.

स्नेहमेळाव्याच्या फोटोतही नीट बघितलं तर काही जण नसतात. नववीतच कोयत्यावर गेलेला मुलगा बॅचच्या ग्रुपमध्ये नसतो, कारण तो दहावीला पोचलाच नाही. लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या मुलींपैकी निम्म्या येऊ शकत नाहीत. ज्यांची वर्गणी जड जाते ते काहीतरी काम निघाल्याचं सांगतात. मॅचचं एक बरं असतं. तिथे बॅच विचारत नाहीत, वर्गणी मागत नाहीत, भाषण ऐकावं लागत नाही. नापास झालेला माणूसही कडेला उभा राहून टाळी वाजवू शकतो.

मग करता काय येईल?

अॅलनसारखं स्टेडियम कुणी मागत नाहीये. स्नेहमेळाव्याला जो खर्च होतो तेवढ्यात एका संघाचे बूट, किट आणि जिल्ह्यापर्यंतचा जीपचा खर्च निघतो. काही शाळांमध्ये २६ जानेवारीला किंवा स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात आजी विरुद्ध माजी विद्यार्थी अशी मॅच घेतात. तिशीतल्या माणसांची पाच मिनिटांत धाप लागते आणि पोरं मनसोक्त हसतात. २९ ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिन आणि १५ जानेवारीचा राज्य क्रीडा दिन शाळांच्या वेळापत्रकात आधीच आहेत. त्या दिवशी शेजारच्या गावची शाळा बोलावून एक मॅच आपल्या मैदानावर ठेवायला कुठल्या परवानगीच्या फायली फिरवाव्या लागत नाहीत, मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं की झालं.

आणि एकट्यानेच जायचं असेल, तर तेही सोपं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये शाळेच्या क्रीडाशिक्षकांना एक फोन करा. ते आधी गोंधळतील, 'काय काम होतं?' असं विचारतील. तालुक्याच्या स्पर्धेची तारीख आणि मैदान विचारून घ्या, आदल्या रात्री परत खात्री करा, कारण पाऊस झाला की तारीख पुढे ढकलली जाते. सकाळी दहाच्या आत पोचा, नाहीतर तुमच्या शाळेची मॅच संपलेली असेल. तिकीट नसतं, बसायला खुर्ची मिळेलच असं नाही. जाताना दोन डझन केळी आणि पाण्याचा जार घेऊन जा. आणि पोरांनी 'तुम्ही कुणाचे पप्पा?' असं विचारलं, तर 'कुणाचाच नाही, तुमच्याच शाळेचा' असं सांगा.